खेळांतील कोठी आणि आज्ञाधारक कासव

घरांतील मुलें संगणकापुढें तासन् तास बसलेलीं दिसलीं म्हणजे वडील मंडळींच्या मुखांतून जे उद्गार निघतात, ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. डोळे बिघडतील, अभ्यास बुडेल, वेळ वायां जाईल, हे तीनही आक्षेप खरे असूं शकतात, आणि त्यांचा प्रतिवाद करण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. परंतु ‘खेळतो’ या एका शब्दाखालीं किती निरनिराळ्या गोष्टी झांकल्या जातात, हें पाहिल्यावांचून निवाडा देणें योग्य नव्हे. पत्ते कुटणाराही खेळतो, आणि बुद्धिबळाचा डाव मांडणाराही खेळतो. म्हणून आज आम्ही एकाच खेळाचा, व त्या खेळांतल्याही एकाच कोपऱ्याचा परिचय वाचकांस करून देणार आहों. तो कोपरा म्हणजे सामान लावण्याचा. जमविलेल्या हजारों वस्तू आपोआप वेगळ्या व्हाव्यात, जागच्या जागीं पोंचाव्यात, व हव्या त्या वेळीं त्यांतून हवी ती नवी वस्तु घडावी, यासाठीं मुलें जीं लेखी आज्ञापत्रें रचतात, त्यांची ही हकीकत आहे. ती वाचून झाल्यावर आपल्याच घरच्या कोठीकडे थोड्या निराळ्या दृष्टीनें पाहावेंसें कोणास वाटलें, तर आमचा हेतु सफल झाला असें आम्ही समजूं.

खेळ कोणता?

खेळाचें नांव माइनक्राफ्ट. स्वीडन देशांतील मार्कुस पेर्सन यानें तो रचिला. २००९ सालच्या मे महिन्यांत त्याचें पहिलें रूप लोकांपुढें आलें, आणि १८ नोव्हेंबर २०११ रोजीं पूर्ण आवृत्ति प्रसिद्ध झाली. पुढें २०१४ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें स्टॉकहोम येथील मोजांग ही मूळ संस्था अडीच अब्ज डॉलरांस विकत घेतली, आणि २०२३ सालापर्यंत खेळाच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या.

चौकोनी ठोकळ्यांनीं बनलेलें एक विस्तीर्ण जग पडद्यावर दिसतें. त्यांत डोंगर आहेत, नद्या आहेत, रानें आहेत, जमिनीखालीं कोळसा, तांबें, लोखंड व सोनें आहे. झाड तोडावें, ओंडक्यांच्या फळ्या कराव्या, फळ्यांची पेटी करावी, खाण खणावी, शेत पेरावें, घर बांधावें. काय करावें हें खेळणारानें ठरवावयाचें. अमुक एक केलेंच पाहिजे असें बंधन नाहीं. अंगणांत वाळूचा ढीग पडला असतां मुलें जशीं आपापल्या मनाप्रमाणें किल्ला, विहीर वा रस्ता करूं लागतात, तशांतलाच हा प्रकार. फरक एवढाच कीं, येथील वाळूला हिशेब आहे.

सांठ्याची अडचण

हिशेब असा. खेळणाराच्या अंगावर सामान ठेवण्यास ३६ खण असतात. एका खणांत एकाच जातीची वस्तु राहते. दगड, माती, फळ्या अशा बहुतेक वस्तूंची चळत ६४ नगांची होते. अंडीं मात्र एका खणांत १६ च मावतात, आणि कुदळ वा तलवार एकेकटीच एक खण अडवून बसते. लांकडी पेटींत २७ खण असतात, दोन पेट्या शेजारीं ठेवून त्यांची जोडपेटी केली तर ५४. खाणींत घटकाभर काम केलें कीं अंगावरचे सारे खण भरून जातात. मग घरीं येऊन खेळणारा तें सर्व सामान समोर दिसेल त्या पेटींत ओततो व पुन्हां खाणीकडे धांवतो. असें आठ दिवस चाललें म्हणजे वीस पेट्या भरतात, आणि एक दोरी हवी असेल तर वीसही पेट्या उघडाव्या लागतात.

हें वर्णन वाचून कित्येक गृहिणींस हंसूं आलें असेल. एकत्र कुटुंबांतील कोठीघर ज्यांनीं सांभाळलें आहे, त्यांस या अडचणीची नवलाई ती काय? वर्षाचे गहूं, तांदूळ, डाळी, लोणच्यांच्या बरण्या, पापड, सांडगे, मेतकूट, भाजणी, देवाचें साहित्य निराळें, उपवासाचें निराळें, बाळंतिणीच्या औषधांचा डबा निराळा. आणि तरीही दिवा नसतांना आजी हात घालील तेथें हवी तीच वस्तु निघते. या सिद्धीचें आम्हांस कौतुक वाटतें, परंतु तिला विद्या म्हणण्यास मात्र आम्ही सहसा तयार नसतों. ‘तिच्या हातवळणीचें आहे,’ असें म्हणून आम्ही मोकळे होतों. वस्तुतः तें हातांत नसून डोक्यांत असतें. हें आजीला प्रवासाला जावें लागलें म्हणजेच इतरांस कळतें; कारण मग डबे तेच, फळ्या त्याच, पण घरांत कोणासच कांहीं सांपडत नाहीं.

माइनक्राफ्ट खेळणाऱ्या मुलाला जें करावें लागतें, तें हेंच: डोक्यांतली व्यवस्था डोक्याबाहेर काढून अशा रीतीनें मांडावयाची, कीं आपण तेथें नसलों तरी ती चालावी. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग: नरसाळें व तराजू

मूळ खेळांत हॉपर नांवाचें एक यंत्र आहे. त्याला आपण नरसाळें म्हणूं. २०१३ सालच्या मार्च महिन्यांतील आवृत्तींत तें प्रथम आलें. वरच्या पेटींतून एक एक नग ओढून खालच्या पेटींत सोडावयाचा, हें त्याचें काम. वेग सेकंदास अडीच नगांचा. त्याच्या पोटांत पांच खण असतात. शिवाय रेडस्टोन नांवाचें एक तांबडें चूर्ण आहे. तें जमिनीवर ओळीनें पसरलें कीं विजेच्या तारेसारखें काम देतें. कंपॅरेटर नांवाचा दुसरा एक ठोकळा पेटी किती भरली आहे हें पाहून त्या प्रमाणांत कमीजास्त संदेश देतो, जणूं तराजूचा कांटाच.

या तीन साधनांनीं निवड कशी करतात, तें पाहण्यासारखें आहे. समजा, कोळसा तेवढा वेगळा काढावयाचा आहे. नरसाळ्याच्या पहिल्या खणांत कोळशाचे ४१ नग ठेवतात, आणि उरलेल्या चार खणांत दुसऱ्या कोणत्याही वस्तूशीं जुळणार नाहीं असा एकेक नग टाकून ते अडवून धरतात. आंत एकंदर ४५ नग झाले. आतां या नरसाळ्यांत कोळशावांचून दुसऱ्या कशालाही शिरण्यास जागा नाहीं. वरून कोळसा आला, नग ४६ झाले, कीं कंपॅरेटरचा संदेश दोनावरून तीनावर चढतो, खालच्या नरसाळ्याचें कुलूप निघतें, एक कोळसा खालच्या पेटींत पडतो, आणि आंकडा पुन्हां ४५ वर येतो. ४५ व ४६ यांमधील या एका नगाच्या फरकावर सारी रचना उभी आहे. पंधरा वर्षांच्या मुलांनीं हें गणित स्वतः करून पाहिलेलें असतें, आणि शाळेंत ‘गणित आवडत नाहीं’ असें सांगणारी मुलेंही त्यांत असतात.

मात्र या मार्गाची मर्यादा लवकरच ध्यानांत येते. प्रत्येक जातीच्या वस्तूला एक स्वतंत्र नरसाळें लागतें, आणि खेळांत वस्तूंच्या जाती शेंकड्यांनीं आहेत. दुसरें असें कीं, ज्यांची चळतच होत नाहीं अशा तलवारी, कुदळी, चिलखतें या नरसाळ्यास ओळखतां येत नाहींत. तेव्हां निवडणारास वस्तूचें नांव वाचतां आलें पाहिजे. येथून दुसरा मार्ग सुरू होतो.

दुसरा मार्ग: लेखी आज्ञा

डॅनियल रॅटक्लिफ या प्रोग्रामरनें २०११ सालीं या खेळाला ‘कॉम्प्युटरक्राफ्ट’ नांवाची एक पुरवणी जोडली. तिनें खेळाच्या आंत संगणक आणले, व त्यांजबरोबर एक चालतें फिरतें यंत्र आणलें, ज्याला टर्टल, म्हणजे कासव, असें नांव आहे. तिची ‘सीसी: ट्वीक्ड’ ही पुढील आवृत्ति आज वापरांत आहे, ती फुकट मिळते, परंतु संगणकावरील जाव्हा आवृत्तीसच जोडतां येते, टेलिफोनवरील खेळास नाहीं.

कासव हें नांव जुनें व मानाचें आहे. १९६७ सालीं अमेरिकेंत सेमूर पेपर्ट व त्यांचे सहकारी यांनीं मुलांसाठीं लोगो नांवाची संगणकभाषा तयार केली. तिच्या आज्ञेनें जमिनीवर चालणारें व चालतां चालतां रेघ ओढणारें एक यंत्र पुढें करण्यांत आलें. त्याला कासव म्हणत. १९८० सालच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथांत पेपर्ट यांनीं मांडलेला विचार थोडक्यांत असा: संगणकानें मुलाला शिकविण्यापेक्षां मुलानेंच संगणकाला शिकवावें, कारण दुसऱ्याला शिकवूं लागलें म्हणजे आपल्याला काय कळलें व काय कळलें नाहीं, याचा उलगडा होतो.

खेळांतील कासवाला ज्या भाषेंत आज्ञा करावयाच्या, तिचें नांव ल्युआ. ती १९९३ सालीं ब्राझील देशांत, रिओ दि जानेरो येथील कॅथॉलिक विद्यापीठांत जन्मास आली, आणि पोर्तुगीज भाषेंत त्या नांवाचा अर्थ चंद्र असा आहे. आज्ञांच्या अशा लेखाला स्क्रिप्ट म्हणतात. सामान लावण्याच्या स्क्रिप्टचा मजकूर आपल्या भाषेंत सांगावयाचा तर तो असा होईल: आवक पेटीचा पहिला खण पाहा. आंत काय आहे व किती आहे तें वाच. यादींत त्या वस्तूची पेटी कोणती दिली आहे तें पाहा. तेथें ती पाठव. किती नग खरोखर पोंचले तें विचार. सर्व पोंचले नसतील तर ती पेटी भरली आहे असें समजून पुढची पेटी पाहा. मग दुसरा खण घे. शेवटचा खण झाला कीं थोडें थांबून पुन्हां पहिल्यापासून आरंभ कर. पेट्या तारेनें संगणकास जोडलेल्या असतील, तर कासवास चालत जाण्याचेही कष्ट नाहींत. माल एका पेटींतून दुसऱ्या पेटींत थेट जातो.

वरवर पाहतां यांत अवघड असें कांहीं दिसत नाहीं. अवघड आहे तें ‘यादींत पाहा’ या दोन शब्दांत. ती यादी कोणी करावयाची?

वर्गवारीचें कोडें

पहिल्या उत्साहांत मूल असा नियम लिहितें: ज्या वस्तूच्या नांवांत ‘आयर्न’, म्हणजे लोखंड, हा शब्द आहे, ती धातूंच्या पेटींत टाक. थोड्या वेळानें पेटी उघडून पाहावें, तों लोखंडाच्या लगडींशेजारीं लोखंडी दरवाजे, लोखंडी तलवारी व लोखंडी कुदळी येऊन पडलेल्या! कासवानें आज्ञा मोडलेली नाहीं. त्यानें ती अक्षरशः पाळली. तसेंच ‘ओक’ झाडाचें लांकूड मागितलें असतां ‘डार्क ओक’ या निराळ्या झाडाचेंही लांकूड येतें, कारण त्या नांवांतही ‘ओक’ आहेच.

मग नियमांस क्रम लावावा लागतो. विशेष नियम आधीं, सामान्य नियम मागाहून: दरवाजा असेल तर बांधकामाच्या पेटींत, हत्यार असेल तर हत्यारांच्या, यांपैकीं कांहीं नसून लोखंड असेल, तर धातूंच्या. व्याकरण शिकलेल्या वाचकांस येथें उत्सर्ग व अपवाद हे शब्द आठवतील. सामान्य नियम उत्सर्ग, आणि त्याला बाजूस सारणारा विशेष नियम अपवाद. अपवाद बलवत्तर, हें आमच्या वैयाकरणांनीं फार पूर्वीं सांगून ठेवलें आहे. मुलाला तें नांव ठाऊक नसतें. परंतु लोखंडी दरवाजा चुकीच्या पेटींत दोनदां सांपडला, कीं तत्त्व तें स्वतःच शोधून काढतें.

याच्याही पुढचा प्रश्न असा कीं, वर्ग पाडावयाचे तरी कशावरून? पदार्थावरून, उपयोगावरून, कीं वापराच्या वारंवारतेवरून? मशाली रोज लागतात, त्या दाराजवळ हव्यात. सोन्याची वस्तु वर्षांतून एकदां लागते, ती आंत गेली तरी चालेल. कोठींतही हेंच आहे. साखर व मीठ दिसावयास सारखीं, म्हणून शेजारीं ठेवावयाचीं नाहींत. शेंगदाणे रोजच्या स्वयंपाकाचे आणि उपवासाचेही. मग ते कोणत्या फळीवर? या प्रश्नाला वस्तूच्या अंगीं उत्तर लिहिलेलें नसतें. उत्तर आपल्या जगण्याच्या रीतींत असतें, आणि तें माणसानेंच द्यावें लागतें.

शिवाय, ज्या वस्तूचें नांव यादींत नाहींच, तिचें काय करावयाचें? येथें शहाणें मूल एक पेटी ‘अनिर्णित’ म्हणून राखून ठेवतें. जें कळत नाहीं, तें तेथें जावें. रोज संध्याकाळीं आपण ती पेटी पाहावी व नवा नियम लिहावा. ज्यानें ही सोय ठेविली नाहीं, त्याचा सारा कारखाना एका अनोळखी वस्तूपाशीं अडून पडतो. आणि आज्ञा लिहितांना पुढें पेटी आहे कीं नाहीं हें पाहण्यास जो विसरला, त्याचें कासव माल जमिनीवर टाकीत राहतें. जमिनीवर पडलेली वस्तु या जगांत पांच मिनिटांनीं नाहींशी होते. तासभर खणून आणलेलें सोनें असें डोळ्यांदेखत गेलें, कीं ‘पोंचलें का?’ हें विचारण्याची संवय जन्माची लागते.

घडणीचा हिशेब

सामान लागलें, आतां घडणीकडे वळूं. या खेळांत वस्तु घडविण्यास तीन ओळी व तीन स्तंभ अशा नऊ घरांचा पट असतो. त्यांत ठराविक जागीं ठराविक वस्तू मांडल्या कीं नवी वस्तु तयार होते. कासवाच्या पोटांत चार ओळींचे १६ खण असतात. त्याच्या अंगाला घडणीचें मेज जोडलें, म्हणजे पहिले तीन, पांचवा ते सातवा व नववा ते अकरावा हे नऊ खण पटाचें काम देतात. बाकीचे सात खण त्या वेळीं रिकामे असावे लागतात. एकांत जरी चुकून एक दगड राहिला, तरी कासव घडण करीत नाहीं. पुरणपोळी लाटावयास घेण्यापूर्वीं ओटा मोकळा करून घ्यावा लागतो, तशीच ही शिस्त.

आतां एक उदाहरण घेऊं. वर सांगितलेलीं नरसाळीं दहा हवीं आहेत. एका नरसाळ्यास लोखंडाच्या पांच लगडी व एक पेटी लागते. पेटीस आठ फळ्या लागतात. एका ओंडक्याच्या चार फळ्या होतात. म्हणजे दहा नरसाळ्यांस ५० लगडी, १० पेट्या, ८० फळ्या व २० ओंडके. लगडी खाणींतून तयार निघत नाहींत. कच्चें लोखंड भट्टींत घालावें लागतें, आणि एका नगास दहा सेकंद लागतात. एकच भट्टी असेल तर ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटें व वीस सेकंद. कोळशाच्या एका नगावर आठ नग निघतात. तेव्हां सहा कोळसे पुरे पडत नाहींत, सात लागतात.

हातानें करणारा मनुष्य हें अडखळत, आठवत, पेट्या उघडीत करतो. स्क्रिप्ट लिहिणारानें एकच नियम लिहावयाचा: अमुक वस्तु हवी असल्यास तिचे घटक पाहा, जो घटक सांठ्यांत नसेल, त्याच्यासाठीं हाच नियम पुन्हां लाव. नरसाळें मागितलें तर नियम पेटीकडे जातो, पेटीवरून फळ्यांकडे, फळ्यांवरून ओंडक्यांकडे. आणि ओंडका सांपडला कीं त्याच वाटेनें वर चढत येतो. नियमानें स्वतःलाच हांक मारावी, ही कल्पना प्रथम कळते त्या दिवशीं मुलाच्या मुखावर जो आनंद दिसतो, तो पाहण्याजोगा असतो.

परंतु याच नियमांत एक खड्डा आहे. नऊ लगडींची लोखंडाची एक वीट होते, आणि एका विटेच्या पुन्हां नऊ लगडी होतात. सांठ्यांत दोन्ही नाहींत. कासव विचार करतें: लगड हवी, तर वीट आण; वीट हवी, तर लगडी आण; लगड हवी, तर वीट आण. या फेऱ्यांतून तें आपण होऊन कधींच बाहेर पडत नाहीं. ‘ज्या वस्तूच्या शोधांत आपण आधींच आहों, तिच्याकडे पुन्हां वळूं नये,’ हा साधा विवेक माणसास सांगावा लागत नाहीं. यंत्रास लिहून द्यावा लागतो.

दुसरा खड्डा याहून बोधप्रद आहे. बटाटे भट्टींत भाजून खावयाचे, आणि जमिनींत लावावयाचे तेही बटाटेच. ‘बटाटे आले कीं भाज,’ एवढीच आज्ञा देणाऱ्याच्या घरीं एके दिवशीं भाजलेल्या बटाट्यांनीं पेट्या भरलेल्या असतात, आणि पेरावयास एक दाणाही नसतो. मग तो नियम दुरुस्त करतो: ६४ बटाटे नेहमीं शिल्लक राहूं दे, त्यावर असतील तेवढेच भाज. कितीही उपासमार झाली तरी बियाण्याच्या कणगीस हात न लावणारा शेतकरी जें जाणत होता, तेंच हें.

आणखी एक गोष्ट. खेळणारा फार दूर गेला, कीं घराभोंवतींचा भाग झोंपीं जातो व कासवाचें काम मध्येंच थांबतें. तो परत आला, तरी कोठवर आलों होतों हें कासवास आठवत नाहीं. म्हणून प्रत्येक टप्पा संपला कीं त्याची नोंद फायलींत लिहून ठेव, आणि जागें झाल्यावर आधीं ती नोंद वाच, अशी आज्ञा द्यावी लागते. जळणाचेंही तसेंच: कोळशाच्या एका नगावर कासव ८० पावलें चालतें. परत येण्यापुरतें जळण न राखतां तें दूर धाडलें, तर जेथें जळण संपेल तेथेंच तें उभें राहतें.

लबाडी कोणती व सोय कोणती

येथें एक शंका येईल: यंत्राकडून काम करून घेणें ही लबाडी नव्हे काय? आमचें उत्तर असें कीं, दोन प्रकारांत भेद केला पाहिजे. कासव खेळाच्या जगांतलेंच आहे. तें करण्यास सात लगडी, एक पेटी व एक संगणक खर्ची घालावा लागतो. त्याला जळण लागतें. तें त्या जगाचे नियम पाळतें. याउलट, खेळाच्या बाहेर एखादी स्क्रिप्ट चालवून, आपण झोंपलों असतां आपलेच हात कळफलक दाबीत आहेत असा देखावा करणें, हा निराळा प्रकार होय. जेथें अनेक खेळाडू एकत्र खेळतात, अशा कित्येक सामाईक जगांत त्याला बंदी आहे, आणि तें योग्यच आहे. कारण तेथें दुसरा मनुष्य आपल्याशीं प्रामाणिकपणें खेळत असतो. आपलें मूल या दोहोंपैकीं काय करीत आहे, हें पालकांनीं अवश्य विचारावें. उत्तर देतांना तें अडखळलें, तर बोलण्याजोगें कांहीं आहे असें समजावें.

दुसरी शंका मूळ खेळाच्या भोक्त्यांची: सर्वच आपोआप होऊं लागल्यावर खेळांत उरलें काय? मूळ खेळाच्या रचनाकारांनीं २०२४ सालच्या जून महिन्यांत ‘क्राफ्टर’ हा आपोआप घडण करणारा ठोकळा स्वतःच दिला. तेव्हां ही सोय आतां पुरवणीपुरती राहिलेली नाहीं. आमच्या मतें उरतें तें हें: काय घडवावें, कशासाठीं घडवावें, आणि किती पुरे. हे तीन निर्णय कोणत्याही कासवानें आजवर घेतलेले नाहींत. हाताचें काम यंत्रास सोंपवितां येतें. तें सोंपविण्यासाठीं जो विचार करावा लागतो, तो दुसऱ्याकडे सोंपवितां येत नाहीं.

कोठीघराकडे पुन्हां एकवार

आतां ज्यासाठीं हा प्रपंच केला, त्या मुद्द्यावर येऊं. आमच्या घरांतून ‘बौद्धिक काम’ व ‘घरकाम’ अशी एक वांटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. हिशेबाची वही लिहिणारास बुद्धि लागते. डबे भरणारास ती लागत नाहीं, असा एक समज आहे. माइनक्राफ्टमधील मुलगा दोनशें ओळींची स्क्रिप्ट लिहितो, तेव्हां आम्ही त्याला हुशार म्हणतों. पण त्या दोनशें ओळींत आहे काय? विशेष वस्तु आधीं, सामान्य मागाहून, रोजचें दाराशीं, क्वचित्चें आंत, अनोळखी वस्तु वेगळी ठेव, संपण्यापूर्वीं मागव, बियाणें राख, ओटा मोकळा ठेव, पोंचलें का तें पाहा. यांपैकीं घरची वडील स्त्री रोज करीत नाहीं, असें एक तरी आहे काय?

शिवाय तिचें गणित खेळांतल्याहून कठीण आहे. खेळांतल्या पेटींत गहूं वर्षभर ठेवले तरी तसेच राहतात; घरच्या गव्हास टोके होतात, डाळींत पोरकिडे पडतात, लोणच्यास बुरा येतो. खेळांतील कृति कधीं बदलत नाहीं. घरांत एकास पथ्य असतें, दुसऱ्याचा उपवास असतो, आणि जेवणाच्या वेळीं चार पाहुणे न कळवितां येतात. खेळांत नियम मोडला तर सोनें जातें. घरांत मोडला तर कोणीतरी उपाशी राहतें, आणि बहुधा तें कोणीतरी म्हणजे ती स्वतःच असते. इतकें असून तिची स्क्रिप्ट कोठेंही लिहिलेली नाहीं, म्हणून ती कोणास दिसत नाहीं. आणि जें दिसत नाहीं, त्याचा वांटा उचलण्यास कोणी पुढें येत नाहीं.

म्हणून आमची एक सूचना आहे. ज्या घरांतील मुलास वा मुलीस या खेळाचा नाद असेल, तेथें त्यांना नुसतें उठवून लावूं नये. प्रथम त्यांची यादी पाहावी: हे वर्ग कां पाडलेस, अनिर्णित पेटी कोठें आहे, बटाटे किती राखतोस, असे प्रश्न विचारावेत. मग एखाद्या रविवारीं त्यांस आजीपाशीं अथवा काकूपाशीं बसवावें व कोठीचे नियम लिहून घेण्यास सांगावें: कोणती वस्तु कोठें, कां, किती उरली कीं आणावयाची, श्रावणापूर्वीं काय, गणपतीपूर्वीं काय. मुलास एका दुपारींच कळून येईल कीं, दोनशें ओळी पुरत नाहींत. आजीलाही कदाचित् प्रथमच कळेल कीं, आपल्याला इतकें येत होतें.

आणि यादी लिहून झाली, म्हणजे ती फडताळाच्या दारावर लावून ठेवावी. घरांतल्या कोणाही पुरुषास, मुलास वा नव्या सुनेस ती वाचतां येईल, आणि वाचतां आली म्हणजे ‘मला काय ठाऊक, कोठें काय ठेवलें आहे तें,’ ही सबब पुढें चालणार नाहीं.